थुंकी निघत नसेल तर लघवीची पट्टी

“अहो, माणूस उठून बसत नाही, थुंकी कुठनं काढायची?” टीबीची तपासणी म्हटली की बऱ्याच घरांत गाडी इथंच अडते. डबी रिकामी राहते, ताप चालूच. त्यात रोगी एचआयव्हीबाधित असेल तर धोका जास्तच. प्रतिकारशक्ती खालावली की टीबी फुप्फुसापुरता राहत नाही, अंगभर पसरतो. खोकला नसतो, एक्स-रेही कधी कधी साफ येतो.

अशांसाठी लघवीची ‘लॅम’ तपासणी आहे. टीबीच्या जंतूच्या कवचातला एक साखर-चरबीचा घटक रक्तातून मूत्रपिंडात अन् तिथून लघवीत उतरतो. पट्टीवर लघवीचे थेंब-दोन थेंब टाकायचे, २५ मिनिटं थांबायचं. तपासणीच्या जागी रेघ उमटली की उपचार सुरू करता येतात. वीज नको, यंत्र नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली तिची शिफारस केली आणि २०१९ मध्ये ती आणखी रोग्यांना लागू केली. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या रुग्णालयांत एचआयव्हीबाधितांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पट्टीविना तपासलेल्यांत आठ आठवड्यांत शंभरी २५ दगावले, पट्टी वापरलेल्यांत २१. शंभरात चार जीव, तेही एवढ्याशा पट्टीनं!

मात्र ही पट्टी सरसकट सगळ्यांसाठी नव्हे. एचआयव्ही नसलेल्यांसाठी तिची शिफारस नाही. रेघ उमटली नाही म्हणजे टीबी नाही, असंही समजू नये; पुष्कळदा तो पट्टीतून निसटतो. कोणतं औषध लागू पडेल हेही ती सांगत नाही. त्यासाठी थुंकी किंवा दुसरा नमुना सीबीनॅट वा ट्रूनॅट यंत्रावर द्यावाच लागतो.

तेव्हा घरात कुणी एआरटीच्या गोळ्या घेत असेल आणि ताप हटत नसेल, रात्री घाम येत असेल, वजन उतरत असेल, तर थुंकीची वाट पाहत बसू नका. रोजगार बुडाला तरी चालेल, एआरटी केंद्र गाठा आणि ‘लघवीची लॅम तपासणी होईल का?’ असं सरळ विचारा. पट्टी तिथं नसली तर ती कुठं मिळेल, हेही विचारून घ्या.

सरपंच, पोलीस पाटलांनी गाडीची सोय जरूर करावी. पण रोगी कशासाठी चाललाय याची चर्चा चावडीवर नको. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करायला मनाई आहे. नाव फुटेल या भीतीनंच कित्येक जण शेवटपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत.