वसतिगृहातली उलट्यांची साथ

परदेशात शिकणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या वसतिगृहात एकाच रात्री चार-पाच जणींना उलट्या-जुलाब सुरू झाले, तर संशय बहुधा नोरोव्हायरसवर जातो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉर्वॉक गावी १९६८ मध्ये एका शाळेत साथ पसरली, त्यावरून हे नाव पडले. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात आणि एक ते तीन दिवसांत ओसरतात. सॅनिटायझरवर विसंबणाऱ्यांची इथे फसगत होते. हा विषाणू अल्कोहोलला फारसा जुमानत नाही, हात साबणानेच धुवावे लागतात. जलसंजीवनी घोट-घोट पाजणे हाच मुख्य उपचार. खरे जड जाते ते खोलीत बसून राहणे: त्रास थांबल्यावरही ४८ तास वॉर्डात पाऊल ठेवायचे नसते, मग हजेरी बुडाली तरी.