रात्री दोन वाजता वॉर्डातले ‘मोठे डॉक्टर’ कोण? मुख्य निवासी डॉक्टरांची ओळख



आपल्या कमठाण्यात बिदर, कलबुर्गी, सोलापूर किंवा हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात रात्र काढलेला माणूस घरटी एक तरी सापडेल. पेशंट आत, आपण बाहेर बाकावर, उशाला डब्याची पिशवी. अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ आम्हीही तो विचारला आहे, तोही वरच्या आवाजात, आणि नंतर त्याची लाज वाटली आहे. त्या रात्री आम्हाला जे माहीत नव्हते ते इतरांना आधीच माहीत असावे, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आमच्या दाजींना रात्री एकाएकी दम लागला. आडवे होता येईना, बोलता येईना. गाडी करून एका मोठ्या शिकवणाऱ्या दवाखान्यात नेले. पहिल्यांदा एक अगदी पोरसवदा डॉक्टर आला. त्याने आक्काला हिंदीत काहीतरी विचारले, आक्काने मान डोलावली, त्याने लिहून घेतले. तासाभराने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी आली. पायांत साध्या चपला, डोळे तांबारलेले. आम्ही तिला ऐकवले, ‘आम्ही बँकेत अधिकारी होतो, आम्हाला पोरांशी बोलायचे नाही, मोठ्या डॉक्टरांना बोलवा.’ ती शांतपणे म्हणाली, ‘अंकल, अभी यहाँ सीनियर मैं ही हूँ.’

आम्हाला ते पटले नाही. पण ते खरे होते.

‘निवासी’ हा शब्द आला कुठून?

इंग्रजीतला ‘रेसिडेंट’ म्हणजे राहणारा. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झाले. तिथे विल्यम ऑस्लर हे औषधोपचार विभागाचे आणि विल्यम हॉलस्टेड हे शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. डॉक्टरकीची पदवी घेतलेल्या तरुणांनी दवाखान्यातच राहायचे, रात्रंदिवस पेशंट बघायचे आणि वरिष्ठांच्या हाताखाली शिकायचे, अशी पद्धत या दोघांनी तिथे बसवली. हॉलस्टेड यांच्याकडे तर किती वर्षे राहायचे याची मुदतच ठरलेली नसे. सुरुवातीला बरेच जण घेतले जात आणि शेवटच्या पायरीपर्यंत थोडेच पोहोचत. त्या वरच्या पायरीवरचा डॉक्टर इतरांना शिकवी आणि वॉर्ड सांभाळी. आजच्या मुख्य निवासी डॉक्टरचे, म्हणजे ‘चीफ रेसिडेंट’चे मूळ तिथे आहे.

पायऱ्या समजून घेऊ

बँकेत क्लार्क, ऑफिसर, अकाउंटंट, मॅनेजर अशी उतरंड असते. शिकवणाऱ्या दवाखान्यातही तशीच असते.

सर्वांत खाली इंटर्न. आपल्या कर्नाटकात त्याला ‘हाउस सर्जन’ म्हणतात. एमबीबीएसचा साडेचार वर्षांचा अभ्यास संपवून तो एक वर्ष काम शिकत असतो.

त्याच्यावर ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे ज्यांना आपण ‘पीजी’ म्हणतो ते. ‘ज्युनियर’ शब्दाने आपली फसगत होते. हा पूर्ण डॉक्टर असतो. एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपवून, नीट-पीजी परीक्षा देऊन तो एमडी किंवा एमएस करायला आलेला असतो. हा अभ्यास तीन वर्षांचा. पहिल्या वर्षाचा पीजी रक्त काढतो, रिपोर्ट आणतो, केसपेपर लिहितो. तिसऱ्या वर्षाचा पीजी पहिल्या दोघांवर नजर ठेवतो.

त्यानंतर सीनियर रेसिडेंट. याचे एमडी किंवा एमएस पूर्ण झालेले असते, म्हणजे बाहेर पाटी लावली तर तो ‘स्पेशालिस्ट’च. त्याच्यावर असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर आणि शेवटी विभागप्रमुख. पेशंट ज्या ‘युनिट’मध्ये दाखल होतो, त्या युनिटच्या प्रमुखाचे नाव केसपेपरवर असते. अंतिम जबाबदारी त्यांची.

आता यात मुख्य निवासी डॉक्टर कुठे बसतो? अमेरिकेत हे रीतसर पद आहे. तिथे इंटर्नल मेडिसिनचे तीन वर्षांचे शिक्षण संपल्यावर निवडक डॉक्टर बहुधा एक वर्ष जास्तीचे थांबून चीफ रेसिडेंट होतात, तर सर्जरीत शेवटच्या वर्षाच्या डॉक्टरांकडे हे काम असते. आपल्या देशात सगळीकडे असे अधिकृत पद नसते. काही संस्थांत ‘चीफ रेसिडेंट’ हेच नाव चालते. बाकी ठिकाणी शेवटच्या वर्षाचा पीजी किंवा सीनियर रेसिडेंट हे काम करतो आणि सगळे त्याला नुसते ‘सीनियर’ म्हणतात. नाव काही असो, काम तेच.

त्याचे काम काय?

कोणाची ड्युटी कधी, रजेवर गेलेल्याच्या जागी कोण, हे तो ठरवतो. सकाळच्या राउंडला प्रोफेसरांपुढे कोणता पेशंट आधी दाखवायचा, कोणाचे काय अडले आहे, हे त्याला तोंडपाठ असावे लागते. ज्युनियरांना तो शिकवतो आणि त्यांच्या चुका पेशंटपर्यंत पोहोचण्याआधी पकडतो. आयसीयूत एकच खाट रिकामी आणि गरजू तिघे असतील, तर वरिष्ठांशी फोनवर बोलून पुढची हालचाल तोच करतो. आणि नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची वेळ बहुतेकदा त्याच्यावरच येते.

बँकेतल्या भाषेत सांगायचे तर हा शाखेतला अकाउंटंट. सही मॅनेजरची असते, पण कुठले व्हाउचर कुठे आहे हे अकाउंटंटलाच ठाऊक. मॅनेजर घरी गेल्यावरही स्ट्राँगरूमची एक चावी त्याच्याकडेच असते.

चार्ज देणे-घेणे

बँकेत चार्ज घेताना आम्ही कॅश मोजल्याशिवाय सही करत नसू. दवाखान्यात दर आठ, बारा किंवा चोवीस तासांनी असाच चार्ज बदलतो, फक्त तिथे नोटांच्या जागी माणसे असतात. या बदलात एखादी गोष्ट सांगायची राहून गेली, तर नुकसान पेशंटचे होते.

यावर अमेरिका-कॅनडातल्या नऊ बालरुग्ण विभागांत एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निवासी डॉक्टरांनी चार्ज देताना पाच गोष्टी ठरावीक क्रमाने सांगायच्या, असे तिथे शिकवले गेले: पेशंट किती गंभीर आहे, थोडक्यात हकिगत, करायची कामे, काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करायचे, आणि शेवटी चार्ज घेणाऱ्याने ऐकलेले परत बोलून दाखवायचे. एवढ्याने उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही, फक्त बोलण्याची शिस्त. ती शिस्त रोजच्या रोज पाळली जाते की नाही, हे बघणारा माणूस म्हणजे मुख्य निवासी डॉक्टर.

तांबारलेले डोळे

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच वारली. तिला बघणारे निवासी डॉक्टर लांब ड्युटीवर होते आणि त्यांच्यावर अनेक पेशंटांचा भार होता. तिच्या वडिलांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, आणि २००३ मध्ये ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको, असे म्हटले आहे. २०२३ च्या पीजी शिक्षणाच्या नियमांत ‘वाजवी’ कामाचे तास, विश्रांती आणि कामाच्या निकडीनुसार साप्ताहिक सुट्टी सांगितली आहे. प्रत्यक्षात चोवीस ते छत्तीस तासांची सलग ड्युटी आजही नवलाची नाही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात अशाच लांब ड्युटीवरच्या एका शिकाऊ महिला डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा त्यांना रात्री टेकायला सुरक्षित खोलीही नसते, हे साऱ्या देशाला कळले.

आपल्या सीमाभागातले चित्र

आमच्या लहानपणी आजार वाढला की हैदराबादचा उस्मानिया दवाखाना, हे ठरलेले. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातलेच, त्यामुळे ती सवय होती. कलबुर्गीचे महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेज आणि सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही १९६३ ची. बिदरला मात्र २००७ मध्ये ब्रिम्स सुरू झाले, तेव्हा शिकवणारा दवाखाना आपल्या दाराशी आला. राज्यघटनेतले ३७१ (जे) हे कलम २०१३ पासून लागू झाले आणि कल्याण कर्नाटकातल्या मुलांना वैद्यकीय जागांत आरक्षण मिळाले. त्यामुळे उद्या रात्री दोन वाजता वॉर्डात उभा असलेला ‘पोरगा’ आपल्याच एखाद्या सभासदाचा नातू असू शकतो.

शिवाय २०२१ च्या तुकडीपासून देशभरातल्या पीजी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या दवाखान्यात काम करणे सक्तीचे आहे. म्हणजे दूरदूरचे डॉक्टर आपल्या भागात येणार. त्यांची भाषा वेगळी, आपली वेगळी. आपली म्हातारी माणसे ‘जीव घाबरतोय’, ‘छाती भरून आली’, ‘कळ मारते’ असे सांगतात. केरळातून किंवा उत्तरेतून आलेल्या डॉक्टरला त्यातले काय कळणार? कन्नड डॉक्टरला ‘एदे नोवु’ म्हटले की छातीत दुखते आणि ‘होट्टे नोवु’ म्हटले की पोटात दुखते, एवढे तरी घरातल्या एकाला यावे.

त्या रात्री काय झाले होते?

आता आमच्या दाजींकडे येऊ. त्यांचे हृदय कमजोर होते आणि अंगात पाणी साठू नये म्हणून लघवीची गोळी चालू होती. आठवड्यापूर्वी ते एका लग्नाला गेले. प्रवासात सारखे उतरावे लागते म्हणून त्यांनी ती गोळी बंद केली, आणि परत आल्यावर सुरू करायची राहून गेली. हे फक्त आक्काला माहीत होते. पहिल्या डॉक्टरने ‘सब गोली चालू है ना?’ असे विचारले होते. आक्का घाबरलेली. तिला प्रश्न नीट कळला नाही, तिने मान डोलावली. केसपेपरवर ‘गोळ्या चालू’ अशी नोंद झाली.

आमचा आरडाओरडा चालू असताना त्या मुलीने वॉर्डातल्या भालकीकडच्या एका मावशींना बोलावले आणि त्यांच्या तोंडून आक्काला मराठीत एकेक गोळी विचारायला लावली. तेव्हा खरे काय ते बाहेर आले. तिने प्रोफेसरांना फोन केला आणि उपचार बदलला. पहाटेपर्यंत दाजींचा दम उतरला. सकाळी आठला प्रोफेसर राउंडला आले. तिने दोन मिनिटांत सगळी हकिगत सांगितली, त्यांनी छाती तपासली आणि ‘हेच चालू ठेवा’ म्हणाले. म्हणजे ज्यांची आम्ही रात्रभर वाट पाहत होतो, त्यांनी तिच्याच कामावर शिक्कामोर्तब केले. दाजी त्यानंतर दोन वर्षे आमच्यात होते. त्या मुलीचे नाव विचारायचे मात्र राहून गेले.

सभासदांनी एवढे करावे

१. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घरी तयार ठेवावेत. कोणती गोळी बंद केली असेल तर तेही न लपवता सांगावे.

२. डॉक्टरांशी घरातल्या एकानेच बोलावे, आणि ज्याला पेशंटची खरी माहिती आहे त्याला सोबत ठेवावे. प्रश्न कळला नाही तर मान डोलावू नये, परत विचारावा.

३. ‘मोठे डॉक्टर कुठे आहेत?’ असे न विचारता ‘आत्ता ड्युटीवर सीनियर कोण आहे, आणि युनिटच्या सरांना कळवले आहे का?’ असे विचारावे. हा आपला हक्क आहे आणि उत्तर सहसा सरळ मिळते.

४. ड्युटी बदलली की नव्या डॉक्टरला महत्त्वाची गोष्ट पुन्हा एकदा सांगावी. ‘मघाशी सांगितले की’ म्हणून गप्प बसू नये.

५. तक्रार असेल तर ती लेखी, युनिटप्रमुखांकडे किंवा अधीक्षकांकडे द्यावी. हात उगारणे किंवा मोडतोड करणे हा कर्नाटकात २००९ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्या वॉर्डात आरडाओरडा चालू असतो, तिथे शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा वेळ जातो.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे पीजी किंवा सीनियर रेसिडेंट आहेत, त्यांनी सुट्टीत मुले घरी आली की मंडळाला कळवावे. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना भेटावे, त्यांचे काम समजून घ्यावे. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात एखादी थकलेली मुलगी ‘सीनियर मैं ही हूँ’ म्हणाली, तर ‘बेटा, विचार काय विचारायचे ते’ असे म्हणून तिच्यासमोर गोळ्यांची पिशवी ठेवावी. तिचे नाव विचारायला मात्र विसरू नये.