गव्हाविना मिठाई : हलवाई बंधूंनी ध्यान द्यावे

बदनापूरच्या बाजारात आम्ही कापड मोजतो. मिठाईशी आमचा संबंध खाण्यापुरता. पण नातवाला सिलिअॅक निघाला आणि डॉक्टरांनी गहू, रवा, मैदा, जव कायमचे बंद केले. या आजारात गव्हातले ग्लुटेन आतड्याला इजा करते. पोट फुगते, पोराचे वजन वाढत नाही. परहेज हाच इलाज.

गुलाबजाम, जिलेबी, नानखटाई गेली, ते समजण्यासारखे होते. ईदचा शीरखुर्मा गेला तेव्हा मात्र घरात सगळे गप्प झाले. आता त्याच्यासाठी तांदळाची फिरनी होते. इमरती उडदाची, चिक्की गूळ-शेंगदाण्याची, मुरमुरे तांदळाचे. मग अडचण कुठे? बेसनाची म्हणून शेव आणली, तर पोरगा दोन दिवस पोट धरून पडून. दुकानदाराने सरळ सांगितले, त्याच कढईत समोसे तळतो. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. बेसन गव्हामागून दळले तर गिरणीतच मिसळते. आता हरभऱ्याची डाळ आम्ही घरीच मिक्सरवर दळतो.

पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमची सरकारी मर्यादा आहे. तेवढी तपासणी लहान दुकानाला कुठून झेपणार? पण वेगळी कढई, वेगळे तेल आणि विचारल्यावर खरे उत्तर, एवढे तर जमेल. आमच्या गावचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी नावाजलेले. ज्वारी, बाजरी तर घरचीच. असा एक जरी हलवाई निघाला तर जालन्यापर्यंतचे गिऱ्हाईक आम्ही स्वतः पाठवू.