किराण्याच्या पाकिटावर एमआरपीशेजारी लिहिलेला दुसरा भाव तुम्ही पाहता का?

बिस्किटाचा पुडा पूर्वीही 10 रुपयांना मिळायचा, आजही मिळतो. फक्त आतली बिस्किटं कमी झाली आहेत. भाव वाढवला की गिऱ्हाईक बिथरतं, वजन कमी केलं तर सहसा लक्षात येत नाही, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

त्यात आधी चहा, बिस्किटं, डाळी, पीठ अशा 19 वस्तू ठरावीक वजनातच पॅक कराव्या लागत. 2021 मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि हे बंधन निघालं. म्हणूनच आता 870 ग्रॅम, 440 ग्रॅम अशी विचित्र वजनं दिसतात. मात्र त्याच दुरुस्तीने ग्राहकाच्या हातात एक साधनही दिलं. ते म्हणजे पाकिटावर एमआरपीसोबत एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पैसे पडतात, हे छापणं.

समजा, 850 ग्रॅमचं पाकीट 170 रुपयांना आहे आणि शेजारचं 1 किलोचं 190 ला. पहिलं स्वस्त वाटतं. पण त्यावर 'प्रतिग्रॅम 0.20 रुपये' लिहिलेलं असेल, तर तो भाव किलोला 200 रुपये झाला. किलोपेक्षा कमी वजनावर भाव ग्रॅमचा असतो, जास्त वजनावर किलोचा. हा घोळ लक्षात ठेवायचा आणि हजाराने गुणायचं. शिवाय हा आकडा एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानात सूट असेल तर हिशोब आपणच करायचा.

तेलाचं वेगळंच. 1 लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. त्यामुळे लिटरचा भाव आणि किलोचा भाव समोरासमोर ठेवून चालत नाही.

कात्री नेमकी कुठे लागते?

खरा प्रश्न वाचवण्यापेक्षा कशावर वाचवायचं हा आहे. महागाई वाढली की बहुतेक घरांत आधी आमटी पातळ होते, मग फळं बंद होतात. भात आणि पोळ्यांनी पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ही बचत महागात पडते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला सुमारे 50 ग्रॅम. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. तूरडाळीत 100 ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात 24 च्या आसपास, कोरड्या सोयावडीत 50 च्या घरात. एका अंड्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात. बदामाचं कौतुक ठीक आहे, पण प्रथिनांत शेंगदाणा त्याच्यापेक्षा कमी नाही. वरण-भात किंवा उसळ-भाकरी ही जोडीही उगाच जमलेली नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळ पुरवते.

नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते सगळंच शरीराला मिळत नाही, मोड आणल्यावर अधिक मिळतं.

साठवण सगळ्यांना परवडते का?

उन्हाळ्यात वर्षाचे गहू-डाळी भरणं चार-सहा माणसांच्या घरात फायद्याचं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दोघांना मात्र नाही. पावसाळ्यात पोरकिडे झाले की वाचलेले पैसे पाण्यात जातात. त्यांनी महिन्यापुरतंच घ्यावं, शक्यतो सुटं, डोळ्यांसमोर तोलून.

भाजीचं गणित हंगामाचं. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला 150 रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा अनेकांनी आमटीत चिंच किंवा आमसूल टाकलं. आपल्याकडे टोमॅटो येण्याआधी तेच तर टाकत होते.