कुकरची रिंग आणि माशांचा फिल्टर

माशांची टाकी हौसेनं आणायची मुलांनी आणि सांभाळायची आईनं, हे बहुतेक घरांत ठरलेलंच असतं. आमचा लेक शिकायला पुण्याला गेला आणि चार फुटी टाकी, चार गोल्डफिश, खालच्या कपाटातला कॅनिस्टर फिल्टर असा सगळा संसार माझ्या पदरात पडला. गेल्या पावसाळ्यात त्या कपाटात पाणी दिसू लागलं. "ताई, आता नवाच घ्या," दुकानदार फोनवरच म्हणाला. नवा म्हणजे काही हजारांचा खड्डा. आमचे हे म्हणाले, "तू त्यात हात घालू नकोस." मैत्रिणींनो, वर्षानुवर्षं कुकरची रिंग बदलणाऱ्या बाईला कुणी असं सांगू नये!

कॅनिस्टर म्हणजे बंद डबाच. टाकीतलं पाणी एका नळीतून आपोआप खाली उतरतं, डब्यातल्या स्पंजातून गाळलं जातं आणि झाकणातली मोटर ते दुसऱ्या नळीनं वर चढवते. डबा आणि झाकण यांच्यामध्ये रबरी रिंग असते. कुकरला असते तशीच, फक्त बारीक. बहुतेक वेळा गळती तिथूनच होते.

पण आधी वीज. ओल्या हातानं प्लग ओढायचा नाही. बोर्डच भिजला असेल तर अगोदर घराचा मेन स्विच बंद. आणि नुसती मोटर बंद करून भागत नाही बरं का! पाणी उतारानं येतच राहतं. टाकीतल्या नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत ते कपाटात, फरशीवर सांडू शकतं. ते तोंड तळाशी असेल तर सकाळी मासे जवळजवळ कोरड्यावर. म्हणून नळ्यांवरच्या दोन्ही तोट्या बंद करायच्या, मगच डबा बाहेर काढायचा.

झाकण उघडल्यावर रिंग बोटानं अलगद काढा. सुरी, पिन नको, चरा पडतो. माझ्या रिंगखाली काय निघालं? वाळूचे दोन कण आणि एक लांब केस. एवढ्यावरून दुकानदार नवा फिल्टर विकत होता! खाच ओल्या फडक्यानं पुसा. रिंग चपटी, कडक किंवा चिरलेली असेल तर बदला. ठीक असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, काही प्रकारचं रबर त्यानं फुगतं. झाकण बसवताना समोरासमोरच्या क्लिपा एकदम दाबा. एक बाजू आधी दाबली की दुसरीकडे रिंग उचलली जाते.

आता खरी मेख. डबा उघडला की आपला हात आपोआप स्पंज घासायला जातो. नळाखाली चकचकीत केला की समाधान! पण त्या मळकट स्पंजातच उपयोगी जिवाणू राहतात. माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, आपलं टीसीएल हो, त्यांना मारतं. मग गळती थांबते, पण चार-सहा दिवसांत मासे तरंगू लागतात आणि कारण कळत नाही. स्पंज टाकीचंच पाणी बादलीत घेऊन त्यात हलकेच पिळा. रिंग मिळायला उशीर होणार असेल तर स्पंज टाकीतच, हवेच्या पंपाजवळ सोडून ठेवा आणि माशांचं खाणं कमी करा.

जोडल्यावर फिल्टर कोरड्या परातीत ठेवा, खाली वर्तमानपत्र अंथरा. सगळे सांधे पुसून कोरडे करा आणि टिश्यू पेपर गुंडाळा. पाणी ओघळत तळाशी येतं, म्हणून तळ ओला दिसला तरी दोष वरचा असू शकतो. पहिल्यांदा कुठला कागद भिजतो ते बघा. नळीच्या सांध्याशी असेल तर नळीचं कडक झालेलं टोक इंचभर कापून पुन्हा बसवता येतं. डब्यालाच तडा असेल तर मात्र एमसीलवर भरवसा नको, तिथे दुकानदाराचंच ऐका.

चोवीस तास तो परातीतच राहू द्या. वायर बोर्डाच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवा, म्हणजे ओघळ बोर्डात न शिरता खाली टपकतो. आणि दुकानात जाताना जुनी रिंग, मॉडेलचा नंबर बरोबर न्या. मी दोन रिंगा आणल्या. दुसरी कुकरच्या जादा रिंगेशेजारी, स्वयंपाकघरातल्या खणात आहे.