पुसलें म्हणजे गेलें काय?

दिवाळी जवळ आली म्हणजे यवतमाळांत घरोघर माळ्यावरचें सामान खालीं उतरतें. पितळेचें भांडें मोडींत घालतांना घरांतील वडील मंडळी तें दहादां उलटसुलट करून पाहतात, त्याचें वजन आपल्या डोळ्यांसमोर करवून घेतात. बंद पडलेला संगणक मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो तेव्हां त्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. चार पैसे मिळाले, कोपरा मोकळा झाला, एवढ्यांत तो व्यवहार संपतो. वास्तविक त्या पेटींतील पत्रा निरुपयोगी झालेला असला, तरी तिच्या पोटांत तळहाताएवढी जी हार्ड डिस्क असते ती बहुधा शाबूतच असते. संगणक बंद पडला म्हणजे त्याची स्मृतीहि गेली, ही समजूत चुकीची आहे.

यावर पुष्कळांचें उत्तर तयार असतें कीं, आम्हीं देण्यापूर्वीं सर्व कांहीं पुसून टाकलें आहे. येथेंच खरी मेख आहे. तहसील कचेरींतील एखादा दप्तरखाना डोळ्यांसमोर आणा. फळ्यांवर बस्ते रचलेले आहेत आणि कोणता बस्ता कोठें आहे याची नोंद दाराशीं ठेवलेल्या एका वहींत आहे. संगणकास एखादा कागद पुसण्याची आज्ञा दिली असतां तो सामान्यतः त्या वहींतील ओळ तेवढी खोडतो. बस्ता फळीवर जेथल्या तेथें राहतो. पुढें केव्हां तरी त्याच जागीं दुसरा बस्ता ठेवला गेला, तरच पहिला नाहींसा होतो. रिसायकल बिन रिकामी करणें म्हणजे ओळ खोडणें, आणि ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे सबंध वही काढून तेथें कोरी वही ठेवणें. फोटोरेकसारख्या आज्ञावल्या कोणासहि फुकट मिळतात. त्या वहीकडे न पाहतां थेट फळ्याच चाळूं लागतात.

ही भीति काल्पनिक नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील सिम्सन गारफिंकेल व अभि शेलट ह्या दोघांनीं जुन्या बाजारांतून १५८ डिस्का विकत घेऊन तपासल्या आणि आपले निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध केले. त्यांपैकीं १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या होत्या केवळ १२. एक तर पैसे देणाऱ्या ए.टी.एम. यंत्रांतील असावी, असें तिच्यावरील हिशेबांवरून दिसलें. धनाढ्य संस्थाहि यांतून सुटलेल्या नाहींत. मॉर्गन स्टॅन्ले ह्या पेढीनें आपलीं जुनीं यंत्रें निकालांत काढण्याचें काम सामानाची नेआण करणाऱ्या एका कंपनीस दिलें. तिला माहिती पुसण्याचा अनुभव नव्हता. कांहीं यंत्रें ग्राहकांच्या माहितीसकट लिलावांत विकलीं गेलीं. सप्टेंबर २०२२ मध्यें अमेरिकेंतील रोखे-नियामक मंडळानें त्या पेढीला साडेतीन कोटि डॉलर दंड केला.

यवतमाळांत कोणी एवढा दंड करणार नाहीं, म्हणून हा विषय आपला नव्हे असें मात्र समजूं नये. आपल्याकडे दारव्हा असो, पुसद असो, वणी असो, शेतकऱ्याचे सातबारा, आठ-अ, आधारपत्र, बँकेचें पासबुक, मुलांचे जातीचे दाखले हे सर्व सेवा केंद्राच्या किंवा टंकलेखनाच्या दुकानांतील एखाद्या संगणकांतून जातात. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या कुटुंबास शासनाचें साहाय्य द्यावयाचें कीं नाहीं, हें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति ठरविते. तिच्यापुढें पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, कर्जाचे दाखले मांडले जातात. ह्या जिल्ह्यांत असे कागद किती घरांतून निघाले असतील, तें सांगावयास नको. त्यांची प्रत कोणत्या तरी यंत्रांत उरते. दुःख त्या घरचें, यंत्र मात्र दुसऱ्याचें. आणि तें यंत्र भंगारांत घालतांना त्या माउलीला विचारण्यास कोणी जात नाहीं. डॉक्टर, वकील, हिशेबनीस, शिकवणी घेणारे शिक्षक यांच्या घरच्या संगणकांचीहि हीच स्थिति आहे. “माझ्या यंत्रांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं” असें म्हणणाऱ्या गृहस्थाच्या यंत्रांत दुसऱ्यांचें पुष्कळ असतें.

कायद्यानेंहि आतां हें ओळखलें आहे. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानें, ज्या कामासाठीं माहिती घेतली तें संपल्यावर ती पुसण्याचें कर्तव्य घेणाऱ्यावर घातलें. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व मुख्य कलमांच्या अंमलासाठीं १८ महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली.

मग खरोखर पुसावें कसें? प्रथम आपल्या यंत्रांत कोणत्या जातीची डिस्क आहे तें पाहिलें पाहिजे, कारण एकीचा उपाय दुसरीला चालत नाहीं. जुन्या जातींत चकचकीत तबकड्या फिरतात आणि त्यांवर चुंबकशक्तीनें अक्षरें उमटतात. तिच्या प्रत्येक घरावर शून्यें लिहून काढलीं कीं काम झालें. हें पस्तीस वेळां करावें लागतें अशी एक आख्यायिका फार पसरलेली आहे. तिचें मूळ न्यूझीलंडमधील पीटर गुटमन यांच्या १९९६ सालच्या निबंधांत आहे; परंतु तीं पस्तीस आवर्तनें त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कांसाठीं मिळून होतीं. लोक तीं मंत्रासारखीं जपूं लागले तेव्हां खुद्द गुटमन यांनींच, नव्या डिस्कांना त्यांची आवश्यकता नाहीं, असा खुलासा केला. एक आवर्तन पुरे. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून पुढें ‘क्विक’ ही खूण काढून केलेलें पूर्ण फॉरमॅट शून्यें लिहितेंच. एक टेराबाईटच्या डिस्कला त्यासाठीं दोनतीन तास, क्वचित् अधिकहि लागतात. आमच्याकडील विजेचा भरंवसा लक्षांत घेतां हें काम इन्व्हर्टरवर करावें हें बरें! मात्र ज्या डिस्कवर संगणक चालू आहे ती स्वतःला अशी पुसूं शकत नाहीं. बसलेली फांदी तोडण्यासारखेंच तें आहे. ती काढून दुसऱ्या संगणकास जोडावी, किंवा पेन-ड्राइव्हवरून चालणारी एनवाइपसारखी आज्ञावली वापरावी. बंद पडलेल्या संगणकाची चांगली डिस्कहि ह्याच रीतीनें दुसरीकडे जोडून पुसतां येते.

नव्या जातीची गोष्ट निराळी. तिला एस.एस.डी. म्हणतात. तींत फिरणारें कांहीं नसतें, आणि तिचें प्रत्येक घर ठराविक वेळांच लिहितां येतें. एकाच वावराचा कस जाऊं नये म्हणून शेतकरी जसा पिकांचा फेरपालट करतो, तशी ती आपल्या घरांची फेरपालट करते. आपण जुन्या मजकुरावर नवा लिहूं गेलों तर ती नवा मजकूर भलत्याच घरांत ठेवते आणि जुना तसाच मागें राहूं शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं २०११ सालीं हें तपासलें. एकेक फाईल वरून लिहून पुसण्याच्या सर्व पद्धति फसल्या. मजकुराचा ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत भाग शिल्लक सांपडला. तेव्हां येथें डिस्कच्या कर्त्या कंपनीनेंच तींत ठेवलेली ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा वापरावी, ती कंपनीच्या आज्ञावलींतून, कधीं संगणकाच्या बायोसमधूनहि देतां येते.

माझ्या मतें ह्या सर्वांहून शहाणपणाचा मार्ग यंत्र घरीं आणल्या दिवशींच धरावयाचा असतो. बिटलॉकरसारख्या सोयीनें सगळी डिस्क कूटलिपींत ठेवावी. मग यंत्र देतांना ती किल्ली व तिच्या प्रती नष्ट केल्या कीं उरलेलीं अक्षरें कोणाच्याच उपयोगाचीं राहत नाहींत. अलीकडच्या बहुतेक फोनांत ही व्यवस्था मुळांतच असल्यामुळें फॅक्टरी रीसेट पुरेसा होतो.

डिस्कच मेली असेल तर ती आज्ञा कशी ऐकणार? तेव्हां ती फोडावी. वरचें झांकण उघडून आंतल्या तबकड्या मोडाव्यात. डोळ्यांचा बचाव करावा, कारण लॅपटॉपमधील लहान तबकड्या पुष्कळदां कांचेच्या असतात व त्यांच्या चिरफळ्या उडतात. एस.एस.डी.मधील काळ्या चकत्यांपैकीं एकहि साबूत ठेवूं नये. घरगुती लोहचुंबक फिरविण्यानें कांहीं साधत नाहीं, एस.एस.डी.वर तर मुळींच नाहीं. डिस्का जाळूं मात्र नयेत. तो धूर विषारी असतो.

कचेऱ्यांभोंवतालच्या झेरॉक्सच्या दुकानदारांना एक विनंति. मोठ्या झेरॉक्स-यंत्रांतहि पुष्कळदां हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या प्रतींचें प्रतिबिंब तींत राहूं शकतें. २०१० सालीं अमेरिकेंतील सी.बी.एस. वृत्तसंस्थेनें चार वापरलेलीं यंत्रें विकत घेतलीं. त्यांत बफेलो शहराच्या पोलिसांचे तपासाचे कागद आणि एका आरोग्यविमा संस्थेच्या सभासदांची वैद्यकीय माहिती निघाली. त्या विमा संस्थेस २०१३ सालीं १२ लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. यंत्र बदलून घेतांना विक्रेत्यास आंतील डिस्कविषयीं स्पष्ट विचारावें, आणि ती आपल्यासमोर पुसून घ्यावी किंवा काढून घ्यावी.

हें सर्व झाल्यावर उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा संस्थेकडे द्यावा. २०२२ सालच्या ई-कचरा नियमांना तेंच अभिप्रेत आहे. दवाखाना, पतपेढी किंवा शाळा यांनीं पुसण्याचें काम दुसऱ्याकडून करविल्यास त्याची लेखी पावती घ्यावी आणि तींत प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा. तो तिच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.