पृथ्वीप्रदक्षिणा आणि मैलांचा जमाखर्च

१९४७ सालच्या जून महिन्यांत पॅन अमेरिकन कंपनीनें पृथ्वीप्रदक्षिणेची विमानसेवा सुरू केली, तेव्हां प्रवाशाचा व्यवहार एकाच कंपनीशीं असे. ती कंपनी १९९१ सालीं बंद पडली. आज पृथ्वीला वळसा घालणारा प्रवासी एका तिकिटावर निघत असला, तरी वाटेंत तो बहुधा अनेक कंपन्यांच्या विमानांत बसतो. १९९७ सालीं स्थापन झालेला स्टार अलायन्स व १९९९ सालीं कार्यास लागलेला वनवर्ल्ड हे विमानकंपन्यांचे संघ अशीं खास तिकिटें देतात. त्यांत जास्तींत जास्त १६ उड्डाणें बसतात व एका वर्षाच्या आंत प्रवास पुरा करावा लागतो.

तिकिटाबरोबर आणखी एक गोष्ट प्रवाशाच्या पदरीं पडते. ती म्हणजे मैल. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें ‘अॅडव्हांटेज’ ही योजना काढली. प्रवाशानें काटलेल्या मैलांची त्याच्या नांवें नोंद ठेवावयाची आणि पुढें त्यांच्या मोबदल्यांत त्याला तिकीट द्यावयाचें, ही तींतील कल्पना. ती चाल लवकरच जगभर पसरली.

ज्या कंपनीच्या विमानांत बसावें तिच्याच खात्यांत मैल जमा होतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. संघांतील एका कंपनीकडे खातें उघडून इतर सभासद कंपन्यांच्या उड्डाणांचे मैलही त्यांत जमा करतां येतात. मात्र एका उड्डाणाचे मैल एकाच खात्यांत जातात, आणि एकदां नोंद झाल्यावर ते दुसऱ्या योजनेंत हलविणें सहसा शक्य नसतें. म्हणून खात्याची निवड प्रयाणापूर्वींच झालेली बरी.

समजा, पुण्याचें एक निवृत्त दांपत्य मुंबईहून लंडन, न्यूयॉर्कजवळील न्यूअर्क, सॅन फ्रान्सिस्को, टोकियो व सिंगापूर असा वळसा घेऊन परत मुंबईस येणार आहे. एअर इंडिया २०१४ सालापासून स्टार अलायन्सची सभासद आहे. युनायटेड व सिंगापूर एअरलाइन्स याही त्याच संघांत आहेत. या मार्गाची लांबी सुमारें २१,४०० मैल भरते. पण तितके मैल खात्यांत पडतीलच असें नाहीं. प्रत्येक उड्डाणाच्या नोंदींत भाड्याचा वर्ग दाखविणारें एक रोमन अक्षर असतें. त्याच अक्षराला एखादी योजना अंतराचे शंभर टक्के मैल देते, दुसरी पंचवीस टक्के देते, तर तिसरी कांहींच देत नाहीं. शंभर टक्क्यांनीं माणशीं २१,४०० मैल होतात. पंचवीस टक्क्यांनीं ते अवघे ५,३५० उरतात. आसन तेंच, पैसे तेच. फरक केवळ खात्याचा.

शिवाय सर्वत्र अंतरच मोजलें जातें असेंही नाहीं. डेल्टा व युनायटेड यांनीं २०१५ सालीं आणि अमेरिकन एअरलाइन्सनें २०१६ सालीं स्वतःच्या तिकिटांवरील मैल अंतराऐवजीं भाड्याच्या रकमेवर देण्यास आरंभ केला. प्रदक्षिणेचें तिकीट खास दराचें असतें. त्याचा हिशेब कोणत्या रीतीनें होतो, हें त्या त्या योजनेच्या नियमांतच पाहावें लागतें.

जमेइतकाच खर्चाचा विचार महत्त्वाचा. मैल घेऊन तिकीट देतांनाही कांहीं योजना इंधनाचा अधिभार निराळा मागतात. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन योजनेनें असा अधिभार २०२० सालीं बंद केला. मुदतीचे नियमही भिन्न आहेत. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेंतील मैल साधारणतः तीन वर्षांनीं बाद होतात. एरोप्लॅनच्या खात्यांत अठरा महिने कांहींच उलाढाल झाली नाहीं, तर शिल्लक बुडते. युनायटेडनें मुदतीची अट २०१९ सालीं काढून टाकली.

तिसरी गोष्ट दर्जाची. मोठ्या प्रवासानें कधीं कधीं गोल्ड दर्जा मिळतो. त्यामुळें विमानतळावरील लाउंजमध्यें प्रवेश व अधिक सामानाची सवलत लाभते. येथें एक चमत्कारिक नियम ध्यानांत ठेवावा. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सभासदाला केवळ अमेरिकेंतल्या अमेरिकेंत प्रवास करतांना त्या दर्जावर तिच्या लाउंजमध्यें प्रवेश मिळत नाहीं. संघांतील परदेशी कंपनीच्या गोल्ड सभासदाला मात्र तो मिळतो. अर्थात् दर्जा ठराविक काळापुरताच असतो. ज्याला लौकर पुन्हां उडावयाचें नाहीं, त्याला त्याचा फारसा उपयोग नाहीं.

तेव्हां निवडीचा निकाल झालेल्या प्रवासावरून न लावतां पुढच्या प्रवासावरून लावावा. वरील दांपत्याची कन्या टोराँटोस असेल व वर्षभरांत तिच्याकडे जाण्याचें ठरलें असेल, तर एरोप्लॅनचा विचार प्रथम करावा, कारण टोराँटो हें एअर कॅनडाचें प्रमुख ठाणें आहे. पुन्हां केव्हां जाणें होईल याची शाश्वती नसेल, तर मुदत नसलेलें खातें सोयीचें. दरसाल परदेशीं जाणाऱ्या व्यापाऱ्यानें दर्जाकडे आधीं पाहावें. मात्र तिघांनींही आपल्या तिकिटावरील अक्षराला ती योजना काय देते, हें पैसे भरण्यापूर्वीं तपासावें.

मैल चार खात्यांत विखुरल्यास कोणत्याच खात्यांत तिकिटापुरती शिल्लक होत नाहीं. थेंबांचें तळें व्हावयाचें तर ते एके ठिकाणींच पडले पाहिजेत. खात्यावरील नांव पासपोर्टाबरहुकूम असावें, आणि सर्व उड्डाणांची नोंद होईपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावेत. एखादें उड्डाण नोंदींतून सुटलें, तर तोच कागद प्रवाशाचा पुरावा ठरतो.